तळघरातली भिंत

मागील अंकी गच्चीच्या गळतीविषयी लिहिल्यावर जी पत्रे आली, त्यांत मुलुंडच्या एका वाचकभगिनींचे पत्र असे आहे की त्याचे उत्तर टपालाने एकट्या त्यांसच धाडून स्वस्थ बसणे आम्हांस बरे वाटले नाही. त्यांचे घर डोंगराच्या अंगास चढावर आहे. सासऱ्यांनी बांधलेला बैठा बंगला. जमिनीस उतार असल्याने पुढच्या अर्ध्या भागाखाली आपोआपच पोकळी राहिली व तिचेच पुढे तळघर झाले. त्यात कुळाचाराची मोठी भांडी, पाट, जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि धाकट्या चिरंजीवांचा तबला. आता जागा पुरत नाही. तळघराच्या मागच्या बाजूस दीड फूट जाडीची दगडी भिंत आहे आणि तिच्या पलीकडे, म्हणजे स्वयंपाकघर व देवघर यांच्या खाली, 'काहीच नाही, नुसती माती आहे'. ठेकेदाराचे म्हणणे असे की भिंत काढून मागची माती उपसली म्हणजे तळघर दुप्पट होईल. वर एक लोखंडी गर्डर टाकला की काम झाले. भगिनी विचारतात, 'भिंत घरातलीच आहे, बाहेरची नव्हे. ती काढण्यास इंजिनियरचा सल्ला घेण्याची खरोखरच गरज आहे काय? यजमानांच्या मते नाही.'

यजमानांची क्षमा मागून सांगावयाचे तर गरज आहे, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ 'घरातली' या एका शब्दात आहे.

घरातली भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आडपडदा. ओटी आणि माजघर वेगळी करणारी चार इंची विटांची भिंत काढली तर घराची रचना बदलते, घराचा जीव जात नाही. परंतु त्याच घरात दुसऱ्याही काही भिंती असतात, ज्यांच्या डोक्यावर छप्पर, तुळया आणि वरचा मजला विसावलेला असतो. त्या काढावयाच्या तर तो भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर आधी द्यावा लागतो. आणि याहून निराळी अशी तिसरी एक जात आहे. तिच्यावर भार वरून येतोच असे नाही. तो बाजूने येतो. इंजिनियर लोक तिला रिटेनिंग वॉल म्हणतात, मराठीत संरक्षक भिंत म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या भगिनींची भिंत या जातीची आहे. तिच्या एका अंगास तळघर आहे आणि दुसऱ्या अंगास डोंगर आहे. आपण ती घराच्या आतून पाहतो एवढेच. एरवी ती घराची शेवटची, अगदी बाहेरची भिंत होय. शिवाय त्यांच्या घरी ती दुहेरी चाकरी करीत असणार, कारण स्वयंपाकघराची पुढची भिंत बहुधा तिच्याच माथ्यावर उभी असेल.

अशी भिंत ओळखण्यास फार विद्या लागत नाही. ती अंगाने जाड असते, पुष्कळदा खाली अधिक जाड व वर निमुळती. तिला दार नसते, खिडकी नसते, कोनाडासुद्धा क्वचित. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहावे; आडपडद्याची भिंत पोकळ वाजते, ही बद्द वाजते, जणू पोते ठोकावे. पावसाळ्यानंतर तिच्यावर पांढरी बुरशीसारखी क्षारांची पूड फुटते, जिला आपण लोणा लागणे म्हणतो. आणि बांधणारा जाणता असेल तर खालच्या बाजूस ओळीने लहान छिद्रे सोडलेली आढळतात. ती उंदरांची बिळे समजून सिमेंटने बुजविण्याची हौस कित्येक घरांतून दिसते. त्यांविषयी पुढे येईलच.

आता 'नुसती माती' ही काय चीज आहे ते पाहू. स्वयंपाकघरात एका परातीत तांदळाची रास ओतावी. ती एका विशिष्ट उतारावर स्थिर होते. कितीही चापूनचोपून उभी केली तरी भिंतीसारखी सरळ राहत नाही. आता राशीच्या एका बाजूस पाटी उभी धरून मागे तांदूळ भरावे आणि पाटी अलगद काढून घ्यावी. तांदूळ आपल्या मूळच्या उतारावर जाईपर्यंत घसरतात. जे घसरले तेवढे तांदूळ इतका वेळ पाटीला ढकलीत होते. हे ढकलणे मोजण्याचे गणित अडीचशे वर्षांपूर्वीच बसले आहे. कूलाँब नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनियर मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम करून परत आला आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या विषयावर निबंध वाचला. विजेच्या शास्त्रात ज्याचे नाव पुढे अजरामर झाले तोच हा कूलाँब. मातीचा रेटा हा त्याचा पहिला विषय. १८५७ मध्ये रँकिनने ते गणित आणखी सुटसुटीत केले, आणि आजही भिंतीचा आराखडा करताना आरंभ तेथूनच होतो.

भगिनींच्या भिंतीस ते गणित लावून पाहू. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.८ टन भरते. भिंतीमागे अडीच मीटर उंचीची साधारण निचऱ्याची कोरडी माती असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर तिचा रेटा जवळजवळ १.९ टन येतो. पाच मीटर लांबीच्या भिंतीवर साडेनऊ टनांच्या घरात. म्हणजे दोन थोराड हत्ती मागून डोके लावून उभे आहेत असे समजावे. वर उभ्या असलेल्या स्वयंपाकघराचा भार मी यात धरलेला नाही, आणि भिंत जागची मुळीच हलू शकत नसेल तर रेटा याहूनही वाढतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. तेव्हा भिंत न काढता 'जमीन तेवढी अर्धा मीटर खाली घेऊ' असे म्हणणाऱ्यांनीही जपून असावे, कारण अडीचाचे तीन मीटर केले तरी रेटा जवळजवळ दीडपट होतो. आणि भिंतीच्या पायापुढची जी माती तिला सरकू देत नव्हती, तीच आपण आपल्या हाताने काढून टाकलेली असते.

येथे ठेकेदार म्हणेल, आणि त्याचे म्हणणे डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे तो मोठ्या खात्रीने म्हणेल, की 'बाई, आम्ही आजवर किती ठिकाणी मुरूम सरळ उभा कापला, ढळला नाही.' तो खोटे बोलत नाही. दिवाळीत मुले किल्ला करतात तेव्हा ओल्या मातीचे बुरूज चांगले ताठ उभे राहतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणी येऊन पाहिले तर त्यास वाटावे की मातीला आधार लागतच नाही. भाऊबिजेपर्यंत ऊन लागून तेच बुरूज भेगाळतात आणि कडा गळू लागतात. पाऊस आलाच तर एका रात्रीत चिखल. आपल्या उपनगरांतील डोंगरउताराचा मुरूम असाच आहे. त्याच्या अंगी थोडा चिकटपणा असतो, कणाकणांतील ओल त्यास धरून ठेवते, आणि ताजा कापलेला कडा आठ दिवस, महिना, कधी साऱ्या उन्हाळाभर उभा राहतो. ठेकेदाराचे पैसे चुकते होतात, रंग लागतो, तळघराची वास्तुशांतही होते. मग मृग लागतो. पाणी कणांमधली ती पकड सोडविते आणि मातीला आपला मूळचा उतार आठवतो.

पाणी हेच या गोष्टीतले खरे पात्र आहे. निचरा न होता तेच अडीच मीटर पाणी भिंतीमागे तुंबले, तर पाण्याचा आणि भिजलेल्या मातीचा मिळून रेटा दर मीटरला चार टनांच्या वर जातो. कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक. वर ज्या लहान छिद्रांचा उल्लेख केला ती यासाठीच असतात की पाणी तुंबू नये, गळून जावे. आणि आपल्याकडे पाणी थोडे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला हे सर्वांच्या स्मरणात आहे. १ जुलै २०१९ च्या सकाळपासून २ जुलैच्या सकाळपर्यंत तेथेच ३७५ मिलिमीटर पडला, आणि त्या मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेस पिंपरीपाडा येथे महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत, तिच्यामागे साचलेल्या पाण्यानिशी, खालच्या झोपड्यांवर कोसळली. सुमारे तीस माणसे गेली. ती भिंत जुनीपुराणी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी बांधलेली होती.

गर्डरची गोष्ट राहिली. गर्डर ही उत्तम वस्तू आहे, पण ती आपल्या कामापुरती. वरून येणारा भार उचलून दोन टोकांच्या खांबांवर नेऊन ठेवणे हे तिचे काम. भार वाहणारी भिंत काढावयाची असती तर योग्य मापाचा गर्डर, त्याखाली योग्य पायाचे खांब, आणि काम चालू असता मजल्यास भक्कम धिरे, एवढ्यावर निभावले असते. परंतु येथे निम्मा प्रश्न आडव्या रेट्याचा आहे, आणि छताशी आडवा पडलेला गर्डर खाली कमरेच्या उंचीवर येणाऱ्या रेट्यास काय थोपविणार? वाहत्या ओढ्यावर साकव टाकला म्हणून ओढा अडत नाही. उलट, अशा भिंतीचा माथा पुष्कळदा वरच्या जमिनीने धरलेला असतो, आणि वरची जमीन भिंतीने धरलेली असते. एकमेकांच्या हातात हात घालून दोघी उभ्या. एकीला काढले म्हणजे दुसरीची काय अवस्था होते हे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

आमच्या वाचकांपैकी घाटकोपरच्या मंडळींना पुढची हकीकत सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी घाटकोपर पश्चिमेस दामोदर पार्क येथील सिद्धी साई ही चारमजली इमारत बसली, आणि १७ जण मृत्युमुखी पडले. तिच्या तळमजल्यावर पूर्वी रुग्णालय होते. ते बंद होऊन त्या जागेत फेरबदलाचे काम चालू होते. त्या कामात खांबांना हात लावला गेला असा आरोप रहिवाशांनी केला, आणि जागेच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. त्याच्या दहा वर्षे आधी, १८ जुलै २००७ रोजी, बोरिवलीची लक्ष्मी छाया ही सातमजली इमारत अशीच कोसळली व सुमारे तीस जणांचा बळी गेला. तेथेही तळमजल्यावरील दुकानातल्या फेरबदलांकडे बोट दाखविले गेले. या इमारती तळघराच्या नव्हत्या, आणि तेथे भार वरून होता, बाजूने नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही येथे त्यांची आठवण करण्याचे कारण आहे. दोन्ही ठिकाणी काम 'आत' चालले होते. बाहेरून पाहणाऱ्यास इमारत होती तशीच दिसत होती. जागा ज्याची, त्याच्या चार भिंतींच्या आतला तो खाजगी व्यवहार होता. आणि वरच्या मजल्यांवरील माणसे नेहमीप्रमाणे चहा घेत होती, मुलांना शाळेसाठी उठवीत होती. खालच्या माणसाला मोठा दिवाणखाना हवा असणे यात पाप नाही. परंतु इमारतीत कोणाच्याही हक्काची जागा त्याच्या जमिनीपाशी संपत नाही. तिच्यातून दुसऱ्याच्या घराचा भार खाली जात असतो.

बैठ्या बंगल्यात वर दुसरे कुटुंब नसते हे खरे. वर आपलीच माणसे असतात. आणि त्यांच्याही आधी संकटात असतो तो खाली खणणारा बिगारी. मातीचा कडा कोसळतो तेव्हा सूचना देत नाही. आणि एक घनमीटर मातीचे वजन वर सांगितलेच आहे. छातीपर्यंत गाडला गेलेला मनुष्य तोंड मोकळे असूनही श्वास घेऊ शकत नाही, कारण फासळ्या उचलावयास मातीच जागा देत नाही. दीड मीटरहून खोल खोदकामाच्या बाजूंस आधार दिलाच पाहिजे असे भारतीय मानकांत सांगितलेले आहे. ठेकेदाराच्या पंधरा दिवसांच्या हिशेबात हा आधार धरला आहे काय, हा प्रश्न यजमानांनी त्यास जरूर विचारावा. उत्तर ऐकण्यासारखे असेल.

दुसराही एक प्रश्न विचारावा: उपसलेली माती टाकणार कोठे? पाच मीटर रुंद, तीन मीटर खोल व अडीच मीटर उंच एवढी जागा काढावयाची तर ६५ ते ७० टन माती निघते, आणि मोकळी झाल्यावर ती सव्वापट फुगते. मालमोटार दारापर्यंत येत नसेल तर ती आधी परसात, म्हणजे नेमकी त्याच चढावर, घराच्या मागे रचली जाते. जी माती भिंतीस ढकलीत आहे तिच्याच पाठीवर आणखी ओझे! चीनमधील शांघाय शहरी २७ जून २००९ रोजी एक नवी तेरामजली इमारत मुळासकट उपटून आडवी झाली. अंग जवळजवळ अभंग, जणू झोपली आहे. तिच्या एका बाजूस गाड्यांच्या तळघरासाठी साडेचार मीटरच्या वर खोल खड्डा खणला होता आणि निघालेली माती दुसऱ्या बाजूस सुमारे दहा मीटर उंच रचली होती. मातीने इमारतीस एकीकडून ढकलले, दुसरीकडे धरावयास काही राहिले नव्हते. इमारत अजून रिकामी असल्याने एकच कामगार दगावला.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी जमिनीखाली जागा केलीच नाही असे नव्हे. सांगलीजवळच्या हरिपुरास हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेकांचा नाश केला. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पेव मात्र पाहिलेले नसते. वर माणूस उतरण्यापुरते तोंड, खाली पोटाळ गोल खोली, आणि दगडविटांची भिंत कोठेही नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या ती टिकली. कारण एक तर त्या जागची माती तशी घट्ट होती. आणि दुसरे, पोकळी गोल होती. गोल पोकळीत चहूकडून येणारा रेटा कमानीप्रमाणे स्वतःलाच आवळतो. आपल्याला मात्र कपाटे लावावयास सरळ भिंती आणि चौकोनी कोपरे हवेत. ती हौस मातीला मान्य नाही, म्हणून भिंत बांधावी लागते.

तर मग तळघर वाढविता येतच नाही काय? येते. फक्त क्रम उलटा आहे. ठेकेदार म्हणतो, आधी भिंत काढू, मग माती, मग पाहू. खऱ्या कामात जुनी भिंत सर्वांत शेवटी जाते. प्रथम परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर येऊन भिंतीच्या पायाशी आणि स्वयंपाकघराच्या मागे चाचणीचे खड्डे घेववितो. पाया किती खोल आहे, मुरूम कोठे संपतो व काळा पाषाण कोठे लागतो, पाणी कोठून येते, हे कळल्यावाचून कागदावर रेघ ओढण्यात अर्थ नाही. पाषाण वर असेल तर तो फोडण्याच्या हादऱ्यांनीच जुन्या चुन्याच्या सांध्यांची वाताहत होईल, आणि बेत तेथेच सोडावा लागेल. बेत पुढे गेलाच तर वरच्या जमिनीस खालून धिरे देतात. मग जुन्या भिंतीत अरुंद वाटा पाडून, एका वेळी मीटर-सव्वा मीटरहून रुंद नाही इतकेच पुढे खणून, घराच्या मागच्या भिंतींच्या पायाखाली नवा काँक्रीटचा पाया भरतात. शेजारशेजारचे दोन तुकडे एकदम कधीही उघडावयाचे नाहीत. एक सोडून एक घ्यावयाचा, आणि पहिल्याने पुरती ताकद धरल्यावाचून मधल्याला हात लावावयाचा नाही. दात काढून नवे दात बसवीत जावे, पण जबडा केव्हाही मिटता आला पाहिजे, असे हे काम. त्यानंतर मागच्या मातीला टेकून लोखंडी सळयांची नवी भिंत, तिच्यामागे खडीचा थर, तळाशी निचऱ्याचा नळ. नवी जमीन ओतून भिंतीचा पाय तिच्यात जखडून टाकावयाचा. एवढे झाल्यावर, आणि इंजिनियरने लेखी दिल्यावर, जुनी भिंत उतरवावी. वरून खाली, घण घालून नव्हे. काम दिवाळीनंतर धरावे व अक्षय्य तृतीयेच्या आत आवरावे. त्यात पंधरा दिवस कोठेच बसत नाहीत, आणि खर्चाचा आकडा ऐकल्यावर तळघराचा हव्यास पुष्कळांचा आपोआप ओसरतो.

काम चालू असता भिंतींकडे रोज पाहावे. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकस निघालेली भेग, काल लागत होते ते दार आज अडकणे, भिंतीने मध्येच पोट काढणे, ही लक्षणे दिसली की काम थांबवून वरच्या खोल्या रिकाम्या कराव्यात. भेगेवर काचेची लहान पट्टी प्लास्टरने चिकटवून ठेवण्याची जुनी रीत आहे. भेग वाढत असेल तर काच तडकते.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अन्वये साध्या डागडुजीची गोष्ट निराळी आणि भारवाही भागांत फेरबदल अथवा नवे खोदकाम ही निराळी; दुसऱ्यासाठी आधी परवानगी लागते. ती मिळाली तरी मुंबईच्या बांधकाम-नियमांत तळघर हे सामान, वाहने, यंत्रसामग्री यांसाठी मानले आहे, वास्तव्यासाठी नव्हे. चिरंजीवांची निजण्याची खोली तेथे करण्याचा विचार असेल तर तो सोडावा. याशिवाय १८८२ चा ईझमेंटचा कायदा आहे, ज्याला बोलण्यात आपण वहिवाटीच्या हक्कांचा कायदा म्हणतो. शेजाऱ्याच्या जमिनीस आपल्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे तो काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही असे त्यात आहे. आणि शेजाऱ्याच्या इमारतीने तो आधार वीस वर्षे निर्वेधपणे घेतला असेल तर इमारतीसाठीही त्याला हक्क प्राप्त होतो. चढावरच्या घरांना हे विशेष लागू. वरच्या बाजूचा शेजारी आपल्या तळघराच्या मागच्या मातीवरच बसलेला आहे.

आम्हांस स्वतःला विचाराल तर भगिनींनी मागे जाऊ नये. जमीन पुढच्या अंगास उतरते आहे. मोकळी सोडावयाची जागा नियमाप्रमाणे शिल्लक राहत असेल तर तळघर पुढे वाढवावे. तेथे मागची माती नाही, उजेड आणि वारा आहे, आणि काम साध्या पायाचे आहे. तेही शक्य नसेल तर आहे त्या तळघराच्या दोन बाजूंच्या भिंतींशी छतापर्यंत लोखंडी मांडण्या कराव्यात. पत्रातील मापांवरून निम्मी हवा अजून रिकामीच आहे. जुन्या मासिकांतील जपून ठेवण्यासारखी कोणती हे एकदा यजमानांनी बसून ठरवावे. तबला तर तळघरात मुळीच ठेवू नये. दमट हवेत पुडी ढिली पडते, स्वर उतरतो, आणि मुलगा बिचारा समजतो की आपलाच हात बसत नाही. त्याला वरच्या पडवीत जागा करून द्यावी. शेजाऱ्यांची संमती तेवढी आधी घ्यावी.

मागच्या भिंतीशी कपाटे लावावयाचीच असतील तर ती चार बोटे दूर ठेवावी व खाली विटा द्याव्या. भिंतीवर तेलाचा रंग अथवा सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवू नये. ओल आत कोंडते आणि दुसऱ्या बाजूने दगडांचे सांधे खाते. लोणा ब्रशाने कोरडाच झाडावा. स्वयंपाकघरामागे चढावरून येणारे पाणी वळविणारी चर असेल, ती पाऊस लागण्यापूर्वी साफ करून घ्यावी; नसेल तर यंदाच खणवावी, तळघराच्या साऱ्या बेताहून ती स्वस्त आहे. भिंतीतली छिद्रे मोकळी आहेत ना ते वैशाखात पाहून ठेवावे. जूनमध्ये त्यांतून पाणी ठिबकू लागले तर घाबरू नये, खाली पन्हळ करून ते बाहेर काढून द्यावे. बाहेर धो धो पाऊस असता ठिबकणे एकाएकी थांबले, तर मात्र जाड तार घालून छिद्र त्याच दिवशी मोकळे करावे; आणि तेवढ्यानेही पाणी येईना, तर इंजिनियरला बोलावून घ्यावे.